न दमणारं मशीन

पहिल्याच दिवशी क्षितिजाच्या हातून डबा निसटला आणि गोखिवऱ्याच्या त्या लॅबमध्ये माणसांचे दात चहूकडे घरंगळले. गुलाबी ठोकळ्यांत रोवलेले, डोक्यावर टोप्या घातलेले दात! मशीनवरच्या जोएलने चहाचा ग्लास खाली ठेवला, गुडघ्यांवर बसून एकेक दात वेचला आणि तिच्या ओंजळीत ठेवत म्हणाला, "इथे लोक सळया तपासायला आणतात, मॅडम. तुम्ही कुणाचं तोंड रिकामं करून आलात?"

"काढून टाकलेलेच दात आहेत. आणि मॅडम नाही... डॉक्टर."

रागावायचं ठरवलं होतं तिने, पण ओठांनी ऐकलं नाही.

तिचं काम तसं सरळ. किडून पोकळ झालेल्या दाताच्या मुळात आधाराला काडीएवढी पोस्ट बसवतात. ती धातूची बरी की फायबरची, सरळ की निमुळती, हे तिला तिच्या प्रबंधासाठी दात मोडून पाहायचं होतं. मोडायचं मशीन जोएलच्या ताब्यात.

"रोज थोडेच मोडू," तो म्हणाला. "मशीन दमतं. विश्रांती लागते त्याला."

मग काय, एव्हरशाईनच्या घरून रिक्षा पकडून बाईसाहेब रोज दुपारी हजर! दात तिरका धरायचा, वरून दाब वाढवत न्यायचा, दोघांनी श्वास रोखून पडद्यावरच्या आकड्याकडे बघायचं... कट्! कोणती पोस्ट जास्त दाब सोसेल यावर पैज, हरेल त्याने भजी आणायची. जोएल नेहमी धातूच्या बाजूने, आणि भजी नेहमी क्षितिजाच्या माथी.

"बघा, धातूच जास्त सोसतो," तो एकदा ऐटीत म्हणाला.

"सोसतो ना. आणि मग हे बघा." तिने दात त्याच्या तळहातावर ठेवला. मूळ उभं चिरलं होतं. "हा आता काढूनच टाकायचा. फायबर आधी हार मानतं, पण मूळ बहुतेक वेळा वाचतं. नवी पोस्ट बसवता येते."

जोएल त्या चिरलेल्या मुळाकडे बघत राहिला. त्याच्या बोटाला तिचं बोट लागलेलं होतं — आणि दोघांपैकी कुणीच ते काढलं नाही.

डबा मात्र रिकामा होत चालला. दात संपले की गोखिवऱ्याला यायचं कारणही संपणार, या विचाराने क्षितिजा उरलेले दात पुन्हा पुन्हा मोजू लागली.

त्या दिवशी जोएल चहा सांगायला गेला होता. लॅबचे मालक स्टॅनीकाका तिला हसत म्हणाले, "मशीन दमतं? अहो डॉक्टर, सकाळपासून सळया तोडतंय ते. त्याला कसली आलीय विश्रांती!"

क्षितिजाचे कान तापले. आनंदाने नुसतं नाचावंसं वाटलं तिला.

जोएल आल्यावर तिने साळसूदपणे विचारलं, "आज दमलंय का हो मशीन?"

"जरासं..."

"काका म्हणाले, ते कधीच दमत नाही."

तो लाजून लाल झाला, पण हरला नाही. "आणि तुमचा शेवटचा दात परवाच झाला होता ना? मग काल बॅगेतून आणखी एक कसा निघाला?"

आता लाजायची पाळी तिची. तिने हळूच बॅगेतून एक ठोकळा काढला. "हा खरंच शेवटचा. फायबरचा."

मशीन घुमू लागलं. आकडा चढला, अजून चढला... कट्!

जोएलने दात उचलून उजेडात फिरवला. "मूळ शाबूत आहे," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत, अडखळत, "मी धातूसारखा आहे, डॉक्टर. गप्प बसून सोसत राहतो. पण उद्यापासून तुम्ही येणार नाही, हे नाही सोसवणार. मला तुम्ही... फार आवडता."

"तुम्ही?"

"तू," तो म्हणाला. "रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर घरी येशील, पाचूबंदरला? आय रोज विचारते, ती दातवाली डॉक्टरीन कदी येनार?"

"रोज? कधीपासून?"

"डबा सांडला, त्या संध्याकाळपासून."

क्षितिजाने रिकामा डबा बॅगेत टाकला. तिचं हसू आवरत नव्हतं.

"सांग त्यांना, येतेय म्हणून. आणि डॉक्टर नाही... नुसती क्षितिजा."