दारात अडकलेला ढग

जिना उतरता उतरता त्याच्या नाकावर ढग आदळला. खराखुरा नव्हे — पुठ्ठा, कापूस आणि डिंकाचा. अर्धा दाराबाहेर, अर्धा खोलीत.

"कोण आहे? ढकलू नका हं!" ढगापलीकडून आवाज आला.

"वरच्या मजल्यावरचा भाषांतरकार. आणि आपण… पाऊस?"

"मुलांच्या नाटकाचं नेपथ्य करते. ढग इथेच बांधला… आणि दार मोजायचं राहिलं."

तो हसला. ती हसली नाही. संध्याकाळी पहिलाच प्रयोग होता, आणि तो फसला तर मुकाट्यानं दुकानात बसायचं, असं तिच्या काकांनी बजावलं होतं.

"काका म्हणतात, मी क्लाउड कुकू लँडमध्ये राहते," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता.

"अहो, ते गाव जुन्या ग्रीक प्रहसनातलं! कोर्टकज्ज्यांना कंटाळलेली दोन माणसं पाखरांकडून आभाळात शहर बांधवून घेतात. त्याचं हे नाव."

"मग ते इंग्रजीत कसं शिरलं?"

"ते लांबलचक ग्रीक जोडनाव अख्खं शिरेना. तुमच्या ढगासारखंच! दोन हजार वर्षांनी भाषांतरकारांनी ते सोडवलं… ढग वेगळा, कुकू पक्षी वेगळा. मग इंग्रजीत पुन्हा जोडलं. हळूहळू ते लोकांच्या तोंडी बसलं. मनोराज्यात रमणाऱ्याला चिडवायला."

पलीकडे खुडबुड. मग करवतीची करकर.

"काय करताय?"

"सोडवतेय!"

ढग मधोमध दुभंगला. फटीतून दोन टपोरे डोळे दिसले… आणि ओठांवर कापसाची मिशी. तो बघतच राहिला.

"बघताय काय? धरा की अर्धा!"

संध्याकाळी रंगमंचावर दोन्ही तुकडे पुन्हा जुळले. पडदा उघडला तशी मुलं जागेवरून उठून उभी राहिली. मागच्या रांगेत काका शेजारच्याला सांगत होते, "पुतणी आहे माझी!"

पडद्यामागे तिचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"त्या जुन्या भाषांतरकारांचे आभार माना."

"त्यांचे मानतेच. पण जिन्यातून ढग कुणी उतरवला?"

तो अडखळला. "आता दर प्रयोगाला तो सोडवायचा, जोडायचा… एकटीला नाही जमणार."

"मग?"

"मग… अर्धा मी धरतो. कायमचा."

तिनं त्याच्या भुवईवरचा कापूस हळूच टिपला.

"बरं झालं बाई," ती हसत म्हणाली, "दार मोजलं नाही ते!"