गॅरेजातून गेलेली लाडा

टाकानिनी उपनगरातल्या एका घरातून आदल्या दिवशी चाळीस वर्षांची लाडा चोरीला गेली, हे फोनवर ऐकून सलोनीला आधी खरंच वाटेना. इथल्या लोण्याच्या बदल्यात रशियातून या देशात आलेली ती खोक्यासारखी मोटार आता कोण चोरेल?

विमा कंपनीसाठी अशा दाव्यांची तपासणी करणं हे तिचं काम. तासाभरात ती पोचली. गॅरेज रिकामं, कुलूप शाबूत. गाडीचं नाक जिथे असायचं तिथे जमिनीवर एक काळं रबरी बूच पडलं होतं.

"गाडी चालू होती?" तिने विचारलं.

"नाही. बॅटरी उतरलेली," दावा करणारा मैत्रेय म्हणाला. "चावी फिरवली की नुसती टकटक. मी ती मनुरेवाच्या मकरंदला विकलीय. उद्या तो ट्रेलर आणणार होता."

"तोच आधी येऊन गेला असेल."

"त्याच्याकडे गॅरेजची किल्ली नाही, आणि काल तो दिवसभर त्याच्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यावर होता. कॅमेऱ्यात दिसतोय. शिवाय काल आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइपचं खोदकाम होतं. ट्रेलर, टो ट्रक आत येतच नव्हते. छोट्या गाड्या तेवढ्या कडेने जात होत्या."

बंद गाडी, आणि ओढून न्यायला वाट नाही.

"घरी कोण होतं?"

"फक्त आई. पण जानेवारीपासून मी तिला गाडी चालवू देत नाही. अडुसष्टची आहे ती."

आत त्याची आई, द्रौपदीबाई, चहा गाळत होत्या. उजव्या तळहातावर ताजे फोड होते.

"बागेत कुदळ मारली," त्या म्हणाल्या.

खिडकीबाहेर हिरवं, सलग लॉन होतं. भिंतीवर जुना फोटो. डांगरी घातलेली एक सावळी मुलगी, मागे एकसारख्या मोटारींची रांग, खाली रशियन अक्षरं.

"काकू, हे कुठलं?"

"व्होल्गाकाठचा सरकारी कारखाना. एकोणऐंशी साली नागपूरहून शिष्यवृत्तीवर गेले होते. सहा महिने याच लाडा मोटारी जोडल्या. साध्या घरांसाठी साधी मोटार, बर्फातही अडून न बसणारी."

सलोनीने बूच टेबलावर ठेवलं.

"हे लाडाच्या पुढच्या बंपरमधलं. हे काढलं की आतल्या भोकात हँडल घालून इंजिन हाताने फिरवता येतं. बॅटरीत स्टार्टर फिरवायची ताकद नव्हती, पण ठिणगीपुरता जीव होता. मैत्रेय, तुम्हाला ही युक्ती ठाऊक नव्हती. मकरंदकडे गॅरेजची किल्ली नव्हती. आणि या बागेत कुठेच माती उकरलेली नाही. ते फोड हँडलचे आहेत. काल तुम्ही कामावर असताना काकूंनी गाडी सुरू केली आणि खोदकामाच्या कडेने बाहेर काढली."

"आई, खरंय?"

"हो. सहाव्या झटक्याला लागली."

"पण का?"

"गाडी माझ्या नावावर आहे. अवोन्डेलला जाऊन मी घेतली, तिचा कार्बोरेटर मी उघडला. विकताना मला विचारलंस?"

"तुझ्या काळजीपोटीच..."

"लायसन्स माझं आहे. डोळे डॉक्टरांनी तपासलेत. काळजी कर, मैत्रेय. माझ्या वतीने सही करू नकोस."



सलोनीने फाइल मिटली. "स्वतःची गाडी चोरता येत नाही. दावा रद्द. गाडी आहे कुठे, काकू?"

"दावा नाही, तर तुमच्या कंपनीला ते कळायची गरजही नाही."

मैत्रेयने मकरंदला कळवायला फोन लावला. द्रौपदीबाईंनी हात पुढे करून तो घेतला. पलीकडून "किया ओरा" असा माओरी नमस्कार ऐकू आला.

"मी द्रौपदी गजभिये बोलतेय," त्या म्हणाल्या. "लाडाची मालकीण. ट्रेलर आणू नकोस."