हजेरीतला सतरावा नंबर

"मला म्होरक्या शोधून हवाय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सातवीचा वर्ग भूगोलाच्या तासाला रोज उच्छाद मांडतो. इतर तासांना हीच मुलं शहाण्यासारखी बसतात. सर नवीन आहेत. वर्ग आवरला नाही, तर त्यांना घरी बसवावं लागेल."

खासगी तपासाची कामं घेणारे मामा नुसते ऐकत होते. शेजारी त्यांचा भाचा टिपणं काढत होता. यात तपास कसला, असं त्याला वाटलं. मास्तर मऊ, म्हणून पोरं डोक्यावर बसलेली.

भूगोलाचे सर रडकुंडीला आले होते. "कुणी शिट्टी मारतं, कुणी खडू फेकतं. रोज एक जण, तास सुरू झाल्या झाल्या. मी व्हरांड्यात उभं करतो. पुस्तक घेऊन निमूट जातात."

"इतर शिक्षक काय करतात?"

"जागेवरच ओळी लिहायला लावतात."

व्हरांड्यात वर्गाखेरीज एकच दार होतं. "अडगळीची खोली," शिपाई म्हणाला. "शाळेची तपासणी होईपर्यंत सातवीची एक मुलगी बसते आत. दार ओढून ठेवायचं, असा बाईंचा हुकूम आहे."

वर्गाची मॉनिटर बोलायला तयार नव्हती. "तुलाही शिक्षा झाली?" मामांनी विचारलं.

"माझी झाली परवा. आता इतक्यात नाही येणार."

भाच्याने तेही लिहून घेतलं. अर्थ काही लागला नाही.

संध्याकाळी मामांनी मुख्याध्यापिकांसमोर शिक्षेची वही उघडली. "ही नावं हजेरीच्या क्रमाने आहेत. सोळानंतर थेट अठरा. मस्ती कधी पाळी लावून होते का? सतरावी मुलगी कोण?"

"ती अडखळत वाचते. तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर वर्गाची लाज गेली असती."

"म्हणून तुम्ही तिला अडगळीत बसवलंत. रोज एक मूल शिक्षा ओढवून घेतं आणि बंद दाराबाहेर उभं राहून तिला धडा वाचून दाखवतं. बाहेर फक्त भूगोलाचे सर काढतात, म्हणून दंगा त्यांच्याच तासाला. म्होरक्या कुणी नाही. तिला वर्गात घ्या, दंगा थांबेल."

मुख्याध्यापिकांनी वही मिटली आणि आभार मानले.

आठवड्याने त्यांचं पत्र आलं. वर्गाबाहेर काढण्याची शिक्षा रद्द केली होती. वर्ग शांत होता.

त्या मुलीबद्दल पत्रात एक शब्दही नव्हता. न राहवून भाच्याने सरांना फोन लावला.

"ती? घरच्यांनी दाखला नेला तिचा," सर म्हणाले. "वर्ग चिडीचूप असतो. मी प्रश्न विचारला, तरी कुणी तोंड उघडत नाही."