हरिचंद्रबुवांच्या मागचे आवाज

फारसे कोणी न ऐकलेले, पण ऐकायलाच हवेत असे अल्बम सुचवणारं सदर समीर रविवारच्या पुरवणीत लिहायचा; एरवी पेपरच्या ऑफिसात निधनवार्ता तपासायचा. शुक्रवारी दुपारी मजकूर गेला पाहिजे, हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. त्याची मुलगी राजसी अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या कंपनीतून सुटली आणि बदलापूरला घरी पोहोचलीच नाही, त्या आठवड्यातही त्याने पोलीस चौकीच्या बाकावर बसून मोबाइलवर मजकूर पूर्ण केला होता. बायको, मालिनी, शेजारीच बसली होती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. राजसीचा पत्ता नव्हता. सदर चालू होतं.

वांगणीच्या हरिचंद्रबुवांच्या भजनांची जुनी कॅसेट त्याला मिळाली ती उल्हासनगर कॅम्प चारमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात. तिथेच त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

"भाऊ, इसको सुनेगा कौन?" दुकानदार हसत म्हणाला.

पहिली बाजू समीरने मन लावून ऐकली. बुवांचा एकट्याचा खडा आवाज आणि पेटी. दुसरीला वेळ उरला नाही. 'दोन्ही बाजू आवर्जून ऐका,' असं त्याने लिहिलं आणि खाली लिंक दिली.

सोमवारी अंबरनाथहून दिनानाथ नावाच्या वाचकाचा फोन आला.

"दुसऱ्या बाजूच्या कोरसमध्ये आमची ही आहे. जाऊन सहा वर्षं झाली. शेवटचा शब्द जरा उशिरा सोडायची, तसाच सोडलाय."

"त्यात कोरस नाहीये हो."

"साहेब, दुसरी बाजू ऐकलीत ना तुम्ही?"

मग असे फोन येतच राहिले. कोणाला वडील ऐकू आले, कोणाला बहीण. उल्हासनगरची गयाबाई तर हसत होती. "माझा पोरगा गातोय त्याच्यात. पण तो जिवंत आहे हो, ट्रक घेऊन गुजरातला गेलाय. तुमची कॅसेट खोटी."

आठवडा उलटायच्या आत निधनवार्तांच्या गठ्ठ्यात गयाबाईच्या मुलाचं नाव समीरच्याच टेबलावर आलं. शुद्धलेखन तपासून त्याने ती बातमी पुढे पाठवली. मग हात मांडीखाली दाबून बसून राहिला.

तो वांगणीला गेला. बुवा पडवीत वाल सोलत होते.

"दुसऱ्या बाजूला माझ्या मागं कोन नव्हता," ते म्हणाले. "पोरं रुसली, आलीच नाय. मी आनि पेटी."

समीरने मोबाइल पुढे धरला. बुवांची ओळ संपली आणि मागून बऱ्याच जणांनी ती उचलली. बुवांचा हात शेंगेवर थांबला.

"बंद कर, बाबा." शेंग खाली ठेवत ते म्हणाले, "विठा हाय त्याच्यात. माझी बायको. मी गात होतो तवा ती भायेर चहा ठेवत होती. चांगली धडधाकट होती. नंतर गेली."

घरी आल्यावर समीरने हेडफोन लावले. गॅलरीत ऊन होतं, समोरच्या इमारतीत कोणी तरी गादी झोडत होतं. बुवा एक ओळ म्हणत, मागचे ती उचलत. तो एकेक आवाज वेगळा काढत गेला. राजसी नको. बाकी कोणीही असो, राजसी नको. ओळखीचं कोणीच सापडलं नाही. एक जाडसर, किंचित बेसूर पुरुषी आवाज तेवढा खटकला. कुठे तरी ऐकल्यासारखा वाटत होता, पण कोणाचा ते त्याला उमगेना.

"नाहीये ती," तो मालिनीला म्हणाला.

"मला ऐकू द्या."

"कशाला? मी ऐकलंय ना."

"अहो, ती शाळेत गाण्याचं बक्षीस घ्यायची तेव्हा तुम्ही ऑफिसात असायचा. तिचा गाण्यातला आवाज तुम्हाला काय माहीत? द्या इकडे."

तिने हेडफोन लावले. डोळे मिटले.

समीर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आधी कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या.

मग तिने डोळे उघडले.

ती त्याच्याकडे बघत होती.

"राजसी?"

तिने मान हलवली. "नाही. आपली राजसी नाही."

"मग?"

तिने हेडफोन काढून ठेवले. खुर्ची त्याच्या जवळ ओढली. त्याचं मनगट हातात घेतलं, उताणं केलं आणि अंगठ्याखाली दोन बोटं टेकवली.

"मालिनी, काय झालं?"

"बोलू नका."

बोटं तशीच राहिली. मग तिने ती थोडी वर सरकवली. थांबली. थोडी खाली. मनगट सोडून तिने त्याचा दुसरा हात घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून नाडी शोधू लागली.