मिठाच्या मैदानातली काळी वायर

मिठाच्या मैदानाच्या मधोमध एक काळा खडक होता आणि त्या खडकाच्या भेगांत एक हट्टी रोप उगवायचं. अक्काला ते हवं होतं. तीन वर्षं ती आपल्या रोपवाटिकेच्या काचघरात त्याच्यासाठी रिकाम्या कुंड्या मांडून बसली होती. रोप आणायचं तर गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या थंड पेटीतून आणायचं, आणि वारा फिरायच्या आत आणायचं. कारण पश्चिमेचा वारा सुटला की समुद्राचं पाणी आधी बोटभर, मग वीतभर मैदानावर चढे, आणि दगडासारखं टणक मीठ भिजल्या कणकेसारखं मऊ होई. त्यात चाक रुतलं की रुतलं!

तिघंच निघाली. अक्का, तिचा नवरा, आयुष्यभर वाचनालय सांभाळलेला, गाडी मात्र लोण्यासारखी चालवणारा, आणि अक्काचा धाकटा भाऊ. तो अक्काच्या नवऱ्याला दाजी म्हणे; त्याचं स्वतःचं गॅरेज, म्हणून त्याला सगळा गाव मिस्त्री म्हणे. पिकअप नवी, बॅटरी नवी. बॅटरी त्यानंच बसवलेली, थंड पेटीची वायरही त्यानंच ओढलेली.

निघण्याच्या आदल्या दिवशी दाजी गाडीचं पुस्तक उघडून गॅरेजमध्ये आले होते. "मिस्त्री, यात लिहिलंय, जादा वायर जोडायची असेल तर..."

"अहो दाजी, पुस्तक वाचून गाड्या चालल्या असत्या तर तुमच्या वाचनालयालाच चाकं लावली असती!"

गॅरेजभर हशा पिकला. दाजीही हसले, आणि त्यांनी पुस्तक मिटून गाडीच्या कप्प्यात ठेवून दिलं.

पहिल्या मुक्कामावरच सकाळी गाडी रुसली. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक-टक! मिस्त्रीनं दाजींकडे पाहिलं. "रात्री दार नीट लावलं नसणार तुम्ही. आतला दिवा जळत राहिला."

"असेल बाबा," दाजी म्हणाले. "लागलं नसेल."

जंप स्टार्टरच्या, म्हणजे बाहेरून वीज पुरवणाऱ्या डबीनं धक्का दिल्यावर इंजिन सुरू झालं. डबीवरच्या चार दिव्यांपैकी तीन विझले. एकच धक्का उरला. मिस्त्रीनं ते कुणाला सांगितलं नाही.

दिवस मावळता मावळता खडक गाठला. अक्कानं बारा रोपं अशी अलगद सोडवली, जणू झोपल्या लेकरांच्या मुठीतून पदर सोडवतेय. ओल्या कापडात गुंडाळली, थंड पेटीत निजवली. पेटी घुरघुरत राहिली आणि मैदानावर चांदणं मिठात मिसळून गेलं.

सकाळी पेटी गप्प होती.

आणि गाडीही! या वेळी टक-टकसुद्धा नाही. डॅशबोर्डवर मात्र सगळे इशारे एकदम उजळले: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, टायर!

"एवढं सगळं एका रात्रीत बिघडलं?" अक्कानं विचारलं.

"नव्या गाड्या अशाच. नाजूक." मिस्त्रीनं स्कॅनर जोडला. सात बिघाड दिसले. तो सातांच्या मागे सात वाटांनी धावला. फ्यूज काढले, बसवले. स्टिअरिंगखाली उताणा पडून प्लग हलवले. कोपर सोलवटलं. दोन तास गेले. ऊन चढलं. पेटीतली रोपं माना टाकू लागली.

आणि वारा फिरला.

"पाणी!" दाजी खडकावरून ओरडले. क्षितिजावर एक चकाकती रेघ हलत होती.

अक्कानं पेटी उचलली. "मी यांना परत लावते."

"अक्के, तीन वर्षं..."

"ही तीन तासही टिकायची नाहीत. गाडी सुरू होवो न होवो, पेटी थंड व्हायला अर्धा दिवस लागेल." ती वळली, मग थांबली. "एक विचारू? बॅटरी मोजलीस का?"

"नवी आहे! मी स्वतः बसवलीय!"

ती पेटी घेऊन खडकाकडे निघाली. मिस्त्रीच्या गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात, त्याच्याच हातानं, हातभर अक्षरांत लिहिलं होतं: आधी बॅटरी मोजा.

त्यानं मीटर लावला. साडेबारा व्होल्टच्या वर हवे होते. आकडा उमटला: अकरा पूर्णांक चार व्होल्ट. ते सात बिघाड बिघाड नव्हतेच. उपाशी माणूस बरळतो, तशी गाडी बरळत होती.

पण नवी बॅटरी उपाशी का? त्याची नजर काळ्या वायरीवरून सरकत गेली आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाशी थांबली. तिथं आगपेटीएवढा सेन्सर होता. बॅटरीतून किती वीज गेली ते तो मोजतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, मग कॉम्प्युटर तेवढी भरून काढतो. पेटीची काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडायला हवी होती, म्हणजे तिची वीज सेन्सरमधून गेली असती. मिस्त्रीनं ती सेन्सरला वळसा घालून थेट बॅटरीच्या टोकावर आवळली होती. पेटी दोन दिवस वीज पीत होती, आणि कॉम्प्युटरला वाटत होतं, बॅटरी भरलेलीच आहे!

त्याचे कान तापले. जुन्या गाड्यांत अशीच जोडायचा तो. वीस वर्षं.

"काय सापडलं?" दाजी धावत आले.

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. "वायर सैल झाली होती," मिस्त्री म्हणाला.

"होतं असं खडबडीत वाटेनं," दाजी म्हणाले आणि त्यालाच पाण्याची बाटली दिली. मिस्त्रीनं ती न पिताच बाजूला ठेवली.

पाण्याची रेघ जवळ आली. त्यानं काळी वायर तोडली. सेन्सरचा बारीक प्लगही उपटला. खबर देणारा नसला की कॉम्प्युटर सावध होऊन भरपूर चार्जिंग करतो, हे त्याला ठाऊक होतं. डबीचा लाल चिमटा बॅटरीला, काळा इंजिनच्या लोखंडाला.

खडकाच्या सावलीत अक्का शेवटची रोपं भेगेत बसवत होती. ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती:

"रोपा, तुझी जागा
दगडाच्या वळचणीला,
आले होते न्यायाला
राहिले निरोप द्यायाला..."

"अक्के, चल!"

ती धावत आली. टाचांखाली पाणी पचपच वाजलं.

"एसी बंद! रेडिओ बंद! दाजी, फिरवा!"

घर्र... घर्र... डबीचा शेवटचा दिवा विझला.

घर्र... धडाड्! इंजिन सुरू झालं! मीटरवर चौदा पूर्णांक एक!

"सुटा!"

पिकअप उसळली. मागचं चाक घसरलं. रुतलं! दाजींनी फोरव्हील टाकलं, स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे खेळवलं. चाक चिखल ओकत वर आलं! पाणी दारांवर आदळत होतं. तास की दीड तास, कुणी मोजलं नाही. मग चाकांखाली खडी वाजली, आणि ती खडी बँडबाजासारखी गोड लागली.

दाजींनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. अक्का मागे बसली होती, मांडीवर रिकामी पेटी, नखांत खडकाची काळी माती. "जिवंत आलो," ती म्हणाली. "तीही जगतील. आपापल्या जागी."

मिस्त्रीनं कप्पा उघडला. गाडीचं पुस्तक काढलं. पान शोधावं लागलं नाही. एका पानाचा कोपरा कुणीतरी जपून दुमडून ठेवला होता.

"दाजी," तो म्हणाला. "वायर सैल नव्हती. मीच चुकीची जोडली होती. आणि त्या रात्री... तुम्ही दार नीटच लावलं होतं."

दाजी समोरच्या वाटेकडे पाहत राहिले. "ठाऊक आहे. मी दोनदा ओढून पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो की. सगळे हसले. मग मलाही हसावं लागलं."

इंजिन एका सुरात चालत होतं. मिस्त्रीची मान वर होईना. मागून अक्काचा आवाज आला, ना रागाचा ना मायेचा. "मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. "जादा उपकरणाची निगेटिव्ह वायर बॅटरीच्या टोकाला थेट जोडू नये." एवढंच एक वाक्य. शाळेत उभं केल्यासारखा तो एकेक शब्द वाचत गेला.

"पुन्हा वाच," अक्का म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.