उर्सू कुणाचा?

“हा कुत्रा कुणाचा?” इमारतीचे व्यवस्थापक सांदूकाका सकाळी अंगणाच्या मधोमध उभे राहून विचारत होते, आणि तिन्ही जिन्यांतली माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती.

कालपर्यंत उर्सू सगळ्यांचा होता. दुसऱ्या मजल्यावर त्याला सूप मिळायचं, चौथ्यावर चीज, आणि सुट्टी लागल्यापासून बारा वर्षांची इलिंका दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेली असायची. काल दुपारी तो पेत्रूला चावला. चार वर्षांच्या पोराच्या हाताला टाके पडले आणि उर्सू एका रात्रीत बेवारस झाला! आता तो तळघरात कोंडलेला होता. रविवार असूनही संध्याकाळी नगरपालिकेची गाडी येणार होती.

“उगाच चावणाऱ्या कुत्र्याला त्यांच्या कोंडवाड्यात इंजेक्शन देतात,” होरिया म्हणाला. पेत्रू त्याचा धाकटा भाऊ. “कायमचं.”

“उर्सू उगाच चावत नाही.”

“माझ्या भावाचा हात बघ आणि मग बोल.”

इलिंकाने त्याची बाही धरली. “वाळूच्या हौदापाशी चल माझ्याबरोबर. तो उगाच चावला असेल, तर मी परत त्याचं नाव काढणार नाही.”

होरिया तणतणत का होईना, पण निघाला. फुटबॉलमध्ये उर्सू त्याचाच गोलकीपर होता.

“आता तू पेत्रू हो,” हौदापाशी इलिंका म्हणाली.

“मी कशाला?”

“कारण मी उर्सू आहे. बस खाली.”

होरिया वाळूत रांगला आणि हौदाशेजारच्या बाकाखाली डोकं घालून तसाच थांबला. तिथे एक फुटकं हाड होतं. शेजारी नवाकोरा लाल वाडगा पालथा पडला होता आणि त्याच्या काठाला मेणबत्तीचं मेण चिकटलं होतं.

“काल मृतांचा शनिवार होता,” इलिंका हळूच म्हणाली.

त्या दिवशी अख्खी इमारत आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं वाडगे वाटते. नवा वाडगा, त्यात जेवण, काठावर पेटती मेणबत्ती. इलिंकाने स्वतः आजीचे वाडगे घरोघर पोचवले होते. पण बाकाखाली कोण ठेवणार? मग दोघांनाही एकदमच आठवलं. या बाकावर फ्लोरेआकाका बसायचे आणि आपल्या पावातला अर्धा उर्सूला द्यायचे. हिवाळ्यात ते गेले.

तळमजल्यावर फ्लोरेआकाकांच्या घरी आउरिकाकाकूंनी दार उघडलं, वाडगा पाहिला आणि मटकन खाली बसल्या.

“ह्यांच्या नावानं दिलं गं. ते ज्याला भरवायचे, त्यालाच दिलं. पोरं तिथे खेळतात, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.”

पेत्रूला विचारल्यावर त्याने सरळ सांगून टाकलं, “उर्सू गुर्र म्हणाला. मी म्हटलं, लाल वाडगा दे.”

संध्याकाळी गाडी आली. इलिंकाने सगळं सांगितलं तेव्हा सांदूकाका हसले. “पोरांच्या गोष्टी हो!” तेवढ्यात आउरिकाकाकू तो वाडगा छातीशी धरून पुढे आल्या. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. मग कुणी हसलं नाही.

गाडीतल्या जाड्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. “कुत्रा जेवत असताना मूल त्याच्याजवळ गेलं, आणि तुम्ही सगळे बाल्कनीत होतात. ठीक आहे, इंजेक्शन नाही. पण सुटा सोडता येणार नाही. गळ्यात पट्टा, तोंडाला जाळी, सगळी जबाबदारी. घरात ठेवणारं कुणी मोठं माणूस आहे?”

पुन्हा सगळे चपलांकडे बघू लागले. इलिंकाने बाल्कनीत पाहिलं. आजीने मान फिरवली होती.

“मग डॅन्यूब नदीपलीकडे माझा मेहुणा मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो, तिथे जाईल. इथे परत येणार नाही,” जाड्या म्हणाला.

“पण त्याची चूक नव्हती.”

“नव्हती. पुढच्या वेळी मूल पेत्रूपेक्षा लहान असेल आणि तो तोंडाला चावेल. मग काय करू?”

इलिंकाने पेत्रूच्या बँडेजकडे पाहिलं.

तळघरातून उर्सू कुणालाच बाहेर काढू देईना. फास पाहून तो दात विचकत होता. शेवटी इलिंकाने दाराबाहेरून हाक मारली आणि तो शेपूट हलवत तिच्यामागे चालत आला. तिने गाडीकडे बोट केल्यावर त्याने उडी मारली, आणि मग बाजूला सरकून तिच्यासाठी जागा केली.

“मालकाचं नाव काय सांगू मेहुण्याला?” जाड्याने विचारलं.

“माझा आहे,” इलिंका म्हणाली. “सांगा, इलिंकाचा आहे.”

दार लागलं. गाडी वळली तेव्हा आतून उर्सू भुंकत होता.

“शाबास, पोरी,” सांदूकाका म्हणाले. “आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तू केलंस. जीव वाचवलास त्याचा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. होरियाच्या आईने तर तिला जवळ घेतलं.

“सकाळीच म्हणायला हवं होतं,” इलिंका रडत म्हणाली.

सांदूकाकांना वाटलं, ती त्यांनाच बोलतेय. त्यांनी मान खाली घातली. पण सकाळी त्या अंगणात तीही उभी होती, आणि तीही गप्पच राहिली होती.