लेकाचं उष्टं

"हे काय हाय?… मी विचारून राह्यलो, हे काय हाय टीव्हीवर?"

नरसिंगराव दारातच थबकले होते. पेन्शनर मित्रांच्या बैठकीतून ते एरवी दिवेलागणीशिवाय परतत नसत. आज बैठक मोडली म्हणून भर दुपारी माघारी आले, आणि समोर टीव्हीच्या पडद्यावर एका गोल चित्राखाली ठसठशीत अक्षरांत त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं नाव झळकत होतं… जयदीप! या घरात ज्या नावाचा उच्चारही करायचा नाही, असं त्यांनी फर्मावलं होतं, ते नाव!

रमाबाईंच्या हातातला रिमोट गळून पडला.

"अहो, ऐका तर…"

पण ऐकतील ते नरसिंगराव कसले! तेलंगणातल्या उटनूरच्या तहसील कचेरीत उभी हयात गेलेली. एकदा फैसला दिला की दिला, मग साक्षात ब्रह्मदेव अपील घेऊन आला तरी त्या प्रकरणाची मिसल पुन्हा उघडायची नाही. ते तरातरा पुढे गेले, टीव्हीच्या पाठीमागे हात घातला, बोटाएवढी ती काळी स्टिक वायरीसकट उपसली आणि परसात नेऊन धुण्याच्या बादलीत फेकून दिली.

"आजपासून बंद! हुकूम हाय माझा!"

रमाबाई धावत परसात गेल्या. साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ती स्टिक बाहेर काढली, पदरानं पुसली, छातीशी धरली आणि तिथंच ओल्या फरशीवर मटकन बसल्या. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण तोंडातून हुंदका बाहेर पडू द्यायची सोय नव्हती… त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यासाठी बाईनं एवढा आकांत मांडावा? आणि वस्तू तरी कसली! टीव्हीवर इंटरनेटचे सिनेमे दाखवणारी, हैदराबादला नोकरीला असलेल्या जयदीपनं तिथल्या बाजारातून दिवाळीला आणलेली, कुठल्या नावाजलेल्या कंपनीचीही नव्हे. तासभर चालली की तव्यासारखी तापायची. पडद्यावर ते गोल चक्र गरगर फिरत राहायचं, नटीचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून रमतगमत यायचा. रिमोटचं मधलं बटण तर अंगठ्यानं दाबून दाबून नखाखाली दुखायला लागे. अगदीच रुसली की वायर काढून, जरा निववून पुन्हा लावायची, हेही रमाबाई शिकल्या होत्या. नरसिंगराव तिच्यावर थेट बातम्यांचं बटण दाबून तेवढ्या बातम्या बघत आणि दर दिवशी तिला शिव्या घालत. पण रमाबाईंनी त्या स्टिकला कधी एक वावगा शब्द उच्चारला नाही. तापली तर त्या पदरानं वारा घालीत!

कारण त्या स्टिकमध्ये त्यांचा लेक होता.

जयदीपनं एक दिवस सांगितलं की, आपण लग्न करतो आहोत, आणि मुलीचं पहिलं लग्न मोडलेलं आहे. घरात जणू वीज पडली. "मोडल्या लग्नाची पोरगी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाई!" नरसिंगराव गरजले, जयदीपही इरेला पेटला, आणि त्याच रात्री म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, यांना धक्का बसेल असं काही करू नका. खाटेवर पडल्या पडल्या नरसिंगरावांनी बायकोचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

"शपथ घे, रमा. त्याले फोन नाई, निरोप नाई, या घरात त्याचं नाव नाई. मोडशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील!"

हाताखाली ते दुबळं काळीज धडधडत होतं… काय करणार होती ती माउली? एका हाती कुंकू, दुसऱ्या हाती कूस! तिनं शपथ घेतली. जयदीपनं तिकडंच लग्न केलं. पुढं दोनदा त्याचा फोन आला आणि दोन्ही वेळा तिनं स्वतःच्या बोटानं तो कापला. त्यानंतर फोन येईनासा झाला. आईनंच आपल्याला टाकलं, असं लेकाला वाटत असेल, या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि मग एका दुपारी, रिमोट धड चालेना म्हणून बटणं दाबता दाबता, चुकून दुसरंच चित्र दाबलं गेलं. जयदीपनं स्टिक लावून देताना आपल्याच सिनेमांच्या खात्यात तीन नावं टाकली होती, अप्पा, आई आणि जयदीप. उघडलं ते जयदीपचं! समोर सिनेमांची रांग लागली, आणि एकेका चित्राखाली, जेवढं पाहून झालं तेवढी, लाल रेघ. कुठे पाऊण, कुठे निम्मी.

रमाबाई त्या रेघांकडे बघतच राहिल्या. म्हणजे… हैदराबादेत बसून लेकानं हे पाहिलं आणि अर्धवट टाकून उठला?

लहानपणापासूनची त्याची खोड! पानावरून अर्ध्या घासात उठायचा, आणि अन्नाचा अवमान नको म्हणून त्याचं उष्टं त्या संपवायच्या, शेवटचं शीत बोटानं टिपून. पडद्यावरच्या त्या रेघा त्यांना तशाच भरल्या ताटासारख्या दिसल्या. असं टाकलेलं राहू द्यावं? लेकाला दोष लागेल! त्यांनी पहिला सिनेमा उघडला, जिथं त्यानं सोडला होता तिथून, आणि शेवटची नावंही वर सरकून संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. तेलुगू त्यांना बाजारहाटापुरतं येई, मारामारी बघवत नसे, पण लेकाचं उष्टं त्यांनी शीतभरही टाकलं नाही.

काही दिवसांनी पाहतात तो नवं अर्धं ताट वाढून ठेवलेलं! मग ही रीतच पडून गेली. नरसिंगराव बैठकीला गेले की त्या हात-पाय धुऊन टीव्हीपुढे बसायच्या. विनोदी सिनेमा असला की, लेक सुखात आहे म्हणून हरखायच्या. सुरुवातीलाच सोडलेला असला की, थकून झोपला असेल गं बाई, म्हणून हळहळायच्या. फोन नव्हता, निरोप नव्हता, ओठांवर नाव नव्हतं. शपथेला तडा गेला नव्हता, आणि तरी माय-लेकरं जणू एका पंक्तीला बसत होती… एवढंच सुख होतं हो तिचं! तेवढंही नियतीला बघवलं नाही.

स्टिक तांदळाच्या डब्यात पुरून झाली, उन्हात पापडाच्या फडक्यावर वाळवून झाली. टीव्हीला लावली की पडद्यावर नुसता निळा अंधार. शेवटी शेजारची रुपा, नव्यानं लग्न होऊन आलेली गुणी पोर, आपल्या घरची स्टिक घेऊन आली.

"काकू, आमची लावून पाहू. जयदीपभाऊचं खातं तर तसंच राह्यते, कुठी जात नाई."

टीव्ही उजळला. रमाबाईंनी श्वास रोखला. पण त्यावर नाव नव्हतं, सिनेमे नव्हते. मोकळ्या चौकटी तेवढ्या होत्या.

"कोड मागून राह्यलं," रुपा म्हणाली. "तो जयदीपभाऊच्या फोनवर जाते. मी लावू का त्याईले फोन? एका मिन्टाचं काम हाय."

रमाबाईंनी तिचं मनगट गच्च धरलं.

"नको गं बाई, नको! निरोपसुद्धा नाई म्हणून शपथ घेतली हाय मी. याईच्या जिवाची शपथ… तू जा. काढून ने ते."

एका मिनिटाचं काम! आणि ते मिनिट ओलांडायला तिला सात समुद्र आडवे आले होते. त्या दिवसापासून रमाबाईंनी अंथरूण धरलं. तिकडं ताटं वाढलेली असतील, एकावर एक, आणि आपण हात धुऊन बसलोय… लेक बरा आहे की आजारी आहे, हसतोय की एकटाच कुठं रडतोय, काही म्हणजे काही कळायची वाट उरली नाही. ताप चढला. नरसिंगराव चमच्यानं पेज भरवू गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काऊन असं करून राह्यली, रमा? एका डबड्यापायी? नवीन आणतो म्हटलं ना मी!"

रमाबाईंनी पदर तोंडावर ओढला. काय बोलणार? खरं सांगावं तर नाव घ्यावं लागेल, आणि नाव घ्यावं तर या माणसाच्या छातीत… देवा, ज्याच्या प्राणासाठी ओठ शिवून घेतले, तोच विचारतो, गप्प का! नरसिंगरावांनी पेजेची वाटी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हुकमाची भीती वाटली असावी.

अशाच एका दुपारी फाटक करकरलं.

"आई!… आई कुठी हाय? अप्पा, मारा मले, हाकला, पण पयले आई दाखवा!"

दारात जयदीप उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. त्यानं कुणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. धावत आत आला, आणि खाटेवरच्या त्या सुकलेल्या देहाला कवटाळून लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडू लागला.

"जिती हायेस… जिती हायेस व माय! एक सिनेमा पुरा होईना. मी चार ठेवले, दहा ठेवले, सारे तसेच पडून! मले वाटलं… मले वाटलं, आता खाणारंच कोणी राह्यलं नाई!"

रमाबाईंचे डोळे विस्फारले. "तुले… ठाऊक होतं?"

"अप्पा तेलुगू पाहतात का कधी? अन् शेवटची नावं सरेपर्यंत कोण बसते? ताट चाटूनपुसून साफ करणारी एकच बाई हाय जगात! तू फोन कापला तवा लय रडलो मी, आई. मग पाह्यलं, माझं उष्टं कोणतरी खाऊन राह्यलं… तवापासून मी मुद्दाम अर्धं सोडू लागलो, तुह्यासाठी."

"रमा!" पाठीमागून आवाज आला. नरसिंगराव भिंतीला टेकले होते. "तुनं माझी शपथ…"

"नाई मोडली तिनं!" जयदीप उसळून उठला. "एक शब्द नाई बोलली, अप्पा! तुमच्या जिवासाठी तिनं सोताच्या हातानं माझा फोन कापला. तुमी शपथ घालून मोकळे झाले. ती रोज मरून राह्यली!"

रमाबाईंनी घाबरून नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं… पण छाती सलामत होती. जे मोडलं होतं ते दुसरंच काही होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर फैसले लिहिणारा तो माणूस खाटेच्या पायथ्याशी हळूहळू खाली बसला आणि त्यानं बायकोचे तापलेले पाय दोन्ही हातांनी धरले.

"चुकलो मी, रमा… लय चुकलो."

"अहो, काय हे! पाय काय धरता!" रमाबाई रडत होत्या, पाय ओढून घेत होत्या, एका हातानं लेकाचे केस कुरवाळत होत्या. आयुष्याची तहान त्या एका घटकेत भागत होती.

किती तरी वेळानं नरसिंगरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"एकटाच आला?"

जयदीपनं मान खाली घातली. "ती बस स्टँडवर बसली हाय. म्हणे, तुमी आईले भेटून या. मी आली तर अप्पाले तरास होईल… आमी सांजच्या गाडीनं जातो परत."

नरसिंगराव उठले. खुंटीवरची टोपी घेतली, चपला पायात सरकवल्या. घाईत उजवी डाव्या पायात गेली, ती पुन्हा काढून घातली.

"मी जातो घ्याले," ते म्हणाले. "तू बस मायजवळ. पेज गरम करून दे तिले."

फाटकापर्यंत जाऊन ते थांबले. परत वळले. त्यांचा चेहरा शरमेनं लहान झाला होता.

"जयदीप… पोरीचं नाव काय हाय रे? हाक काय म्हणून मारू तिले?"

"पूर्णिमा," जयदीप म्हणाला.

"पूर्णिमा," नरसिंगराव स्वतःशी म्हणाले, आणि ऐन वेळी तोंडी येईल ना, या धास्तीनं तेच नाव पुटपुटत ते भरभर स्टँडच्या वाटेला लागले.